उताऱ्यावर नाव आहे का?

तलाठी म्हणून निवृत्त झाले. माणसाचे हक्क राज्यघटनेत असतात असं शाळेत शिकले होते. गावात ते सातबाऱ्यावर शोधावे लागतात.

1. विहीर पाडायची, सोसायटीचं कर्ज उचलायचं, रान विकायचं. ज्याची सही लागते त्यालाच विचारतात. बाकीच्यांनी नुसतं राबायचं.

2. जुन्या उताऱ्यांवर थोरल्याच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' असायचं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याआड धाकटे भाऊ, विधवा भावजया गडप. नोंद कमी करायचा अर्ज येईतो मॅनेजर वारलेला आणि त्याची पोरं म्हणणार, "जमीन आमच्या बापाची!"

3. भाऊ कब्जेदार, बहिणी 'इतर हक्कात', ही जुनी खोड. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजाही असतो.

4. हक्कसोडपत्राच्या दिवशी बहिणींना भावाच्या गाडीतून तालुक्याला आणतात. नव्या साड्या, हॉटेलात जेवण, आणि "माहेर तोडायचंय का?" हा प्रश्न. एक आक्का मात्र अंगठ्याआधी म्हणाली, "वाचून दाखवा." भाऊ चिडला. वाचल्यावर कळलं, ठरलेल्या घराबरोबर विहिरीकडचा गटही त्यात घातलेला. तो गट वगळल्यावरच तिनं अंगठा दिला. भाऊबीजेला भाऊ आला नाही. पुढच्या वर्षी आला.

5. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हिस्सा महाराष्ट्रानं 1994 साली दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळून. ती मेख केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीनं काढली. वडील तेव्हा हयात असायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वेगळी. ती ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात.

6. शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. "नाव तिचं, कारभार त्याचाच," असं लोक हसायचे. हसू देत. विकायच्या दिवशी तिला बोलवावंच लागतं, आणि ती येत नाही म्हणाली की व्यवहार अडतो.

7. फेरफारावर हरकतीला 15 दिवस मिळतात. चावडीवरचा कागद सासरी असलेल्या लेकीला कुठून दिसणार? माहेरचे गट नंबर लिहून ठेवा. महाभूलेखवर उतारा मोबाइलवरही दिसतो; दिवाळीला जाण्याआधी एकदा बघून जा.