मृगजळातील तारे

उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून तारे पाहण्याचे सुख आपल्या वांकिडीकरांना नवे नाही. परंतु ज्या दुर्बिणीने अजून डोळाही उघडलेला नाही, तिची छायाचित्रे आधीच तयार करता येतात, असे कोणी सांगितले तर ती थापच वाटेल. तथापि हे सत्य आहे.

1800 साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, आणि तेथे प्रकाश दिसत नसताही पारा चढला. हेच अवरक्त किरण होत. आपले वातावरण त्यांतील बराच भाग शोषून घेते. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादेहून महाकाय फुग्यांच्या साहाय्याने 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण उंच आकाशात पाठविली. आणि 25 डिसेंबर 2021 रोजी जेम्स वेब ही दुर्बीण अवकाशात झेपावली.

1990 साली सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा 1993 मध्ये अंतराळवीरांनी तेथे जाऊन तो निवारला. जेम्स वेब मात्र सुमारे 15 लाख किलोमीटर दूर आहे. तेथे दुरुस्तीस कोण जाणार? म्हणून तिच्या अवरक्त कॅमेऱ्याची परीक्षा आधीच घेणे अगत्याचे होते. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने त्यासाठी संगणकाची एक कार्यप्रणाली रचली. तिचे नाव 'मिराज', म्हणजे मृगजळ!

पावसात अंगणभर ओळीने वाट्या मांडल्या आहेत, अशी कल्पना करा. कॅमेऱ्यात असे 10 संवेदक असून प्रत्येकात सुमारे 40 लाख 'वाट्या' आहेत. त्यांत प्रकाश साठत असता पातळी वारंवार मोजली जाते, आणि ती किती वेगाने चढली यावरून ताऱ्याचे तेज ठरते. काळोखातही वाटीत थोडी ओल जमतेच. म्हणून संवेदकांच्या अंधारातील प्रत्यक्ष नोंदी हा 'मिराज'चा पाया होय. त्यावर तारकासूचीतील तारे मांडतात. आरशाच्या 18 षट्कोनी तुकड्यांमुळे तारा जसा पसरट व किरणयुक्त दिसेल, तसाच तो रेखाटतात. विश्वकिरण आदळून एखादी पातळी एकदम उसळते, तेजस्वी ताऱ्याने वाटी काठोकाठ भरते. हे दोषही त्यांत मुद्दाम घालतात.

दोष मुद्दाम का घालावेत? कारण या चित्रातील प्रत्येक ताऱ्याचे खरे तेज आपणांस ठाऊक असते. चित्र शुद्ध करणाऱ्या गणितातून तेच उत्तर निघाले नाही, तर चूक गणिताची, हे तत्काळ कळते. अर्थात, आपल्या कल्पनेत न आलेला दोष अशा चित्रात सापडत नाही; तो प्रत्यक्ष आकाशच दाखविते.

12 जुलै 2022 रोजी जेम्स वेबची खरी चित्रे जगापुढे आली. त्यांच्या मागे ही मृगजळातील तालीम होती. विद्यार्थ्यांनी यातून एवढेच घ्यावे की, अज्ञाताचे माप घेण्यापूर्वी आपली मोजपट्टी ज्ञात वस्तूवर तपासून पाहावी.