झालेली गोष्ट सांगताना

जे घडून गेले ते दुसऱ्यास सांगता यावे, म्हणून प्रत्येक भाषेने आपापली सोय करून ठेवली आहे. या सोयीलाच व्याकरणात भूतकाळ म्हणतात. भूतकाळ नसता तर आजोबांची आठवण, गावाचा इतिहास, साक्षीदाराची साक्ष, यांपैकी काहीच नीट सांगता आले नसते.

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, गोमाई नदीच्या खोऱ्यात लोणखेडा हे गाव आहे. या परिसरात कोणाच्या घरी गुजरी बोलतात, कोणाच्या घरी अहिराणी, तर कोणाच्या घरी भिली किंवा पावरी. तेथील मुले शाळेत येऊन प्रमाण मराठी शिकतात आणि तिच्या जोडीला इंग्रजीही शिकतात. म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्याचा सराव अशा मुलांना घरापासूनच असतो. तरीही इंग्रजीचा साधा भूतकाळ पुष्कळांना अवघड वाटतो. असे का व्हावे? मुले आळशी असतात म्हणून नव्हे. ती मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळतात आणि तोच नियम इंग्रजीला लावतात. म्हणून दोन्ही भाषांच्या रीती शेजारी ठेवून पाहू.

प्रथम ही वाक्ये वाचा : मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली. मी केळे खाल्ले. मी पपया खाल्ल्या. कर्ता एकच आहे, पण क्रियापद दर वेळी बदलले. कारण येथे ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग होय. ‘मी शाळेत गेलो’ आणि ‘मी शाळेत गेले’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, हे क्रियापदच सांगून टाकते. हा कर्तरी प्रयोग.

इंग्रजीत ही खटपट नाही. आंबा असो वा चिंच, एक असो वा दहा, तेथे ‘एट’ हे एकच रूप. मुलगा गेला, मुलगी गेली, सारे गेले, तरी ‘वेंट’ हे एकच रूप. केवळ ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाची ‘वॉज’ आणि ‘वर’ अशी दोन रूपे होतात. जो विद्यार्थी मराठीचा भूतकाळ बिनचूक बोलतो, त्याने अधिक कठीण काम आधीच साधले आहे, हे ध्यानात ठेवावे.

इंग्रजीतील बहुतेक क्रियापदांना भूतकाळात ‘ई’ आणि ‘डी’ ही अक्षरे जोडतात. लिहिण्यात ती सर्वत्र सारखीच दिसतात, पण उच्चार तीन प्रकारचे होतात. शेवटचा ध्वनी क, प, स, श, फ यांसारखा कठोर असेल तर ‘ट’ ऐकू येतो : वॉक, वॉक्ट, वॉश, वॉश्ट. तो मृदू व्यंजनाचा किंवा स्वराचा असेल तर ‘ड’ ऐकू येतो : ओपन, ओपन्ड, प्ले, प्लेड. आणि शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’ असा स्वतंत्र उच्चार होतो : वाँट, वाँटिड. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. ‘विपद्’ आणि ‘काल’ मिळून ‘विपत्काल’ होतो, हे तुम्ही व्यंजनसंधीत शिकता. तेथेही कठोर वर्णाच्या शेजारी आलेला मृदू ‘द’ कठोर होतो. जिभेला जे सोयीचे, तेच दोन्ही भाषांनी केले.

आता ‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले, असे तुम्ही विचाराल. इंग्रजीत ‘वेंड’ असे एक जुने क्रियापद होते. त्याचे भूतकाळाचे रूप ‘गो’ने आपलेसे केले. हा प्रकार विचित्र वाटतो काय? मग मराठीतील ‘जा’ आणि ‘गेला’ पाहा. ‘जा’ हे संस्कृत ‘या’ धातूवरून आले, तर ‘गेला’ हे ‘गत’ या रूपावरून. ‘हो’ आणि ‘झाला’ यांचेही मूळ निराळेच. नित्य ओठांवर असणारे शब्द नव्या नियमाला सहसा जुमानत नाहीत. आपली जुनी रूपे ते जपून ठेवतात. म्हणून केम, सॉ, टुक, गेव्ह अशी रूपे पाठच करावी लागतात. ‘आला’, ‘केला’, ‘घेतला’ ही रूपेही आपण लहानपणी ऐकून ऐकूनच पाठ केली.

खरी फसगत पुढे आहे. ‘मी गेलो नाही’ या वाक्यात नकार आला तरी ‘गेलो’ भूतकाळातच राहते. म्हणून विद्यार्थी ‘आय डिड नॉट वेंट’ असे लिहितो. पण इंग्रजीत काळाचे ओझे एकानेच वाहायचे असते. ‘डिड’ पुढे आला की त्याने ते उचलले. मग मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात परतते : ‘आय डिड नॉट गो’. प्रश्नातही हीच रीत : ‘डिड यू गो?’

दुसरी फसगत अशी. सारंगखेड्याची यात्रा पाहून परत आल्यावर आपण म्हणतो, ‘आम्ही काल यात्रेला गेलो होतो.’ येथील ‘होतो’ पाहून मुले इंग्रजीत ‘हॅड गॉन’ लिहितात. परंतु ‘काल’ हा शब्द असून एकच घडलेली गोष्ट सांगायची असेल, तर इंग्रजीत साधा भूतकाळ पुरतो : ‘वी वेंट’.

तिसरी याहून गमतीची. आईने हाक मारली की आपण जागचे न उठताच ‘आलो!’ म्हणतो. भूक लागलेली असतानाच ‘भूक लागली’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, पण गोष्ट आताची. इंग्रजीत अशा वेळी वर्तमानकाळच योजावा लागतो : ‘आय ॲम कमिंग’. म्हणून शब्दाचे रूप नव्हे, तर घडण्याची वेळ पाहून भाषांतर करावे.

एवढी दक्षता कशासाठी? एक उदाहरण घ्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला स्वातंत्र्यासाठी मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे काही बालसोबती हुतात्मा झाले. मराठी न जाणणाऱ्या एखाद्या पाहुण्याने उद्या तुम्हांला ही हकीकत विचारली आणि तुम्ही क्रियापदांचे काळ चुकवले, तर हे घडले, घडते की घडणार आहे, हेच त्याला कळणार नाही. ज्या मुलांनी प्राण दिले, त्यांची गोष्ट सांगणाऱ्याचे एकही क्रियापद डळमळता कामा नये.

दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांना संस्कृतही येत होते आणि इंग्रजीही. आपली भाषा नीट पारखावी, मग परकी भाषा तिच्या शेजारी ठेवून पाहावी. असे केले म्हणजे दोन्ही उजळतात.

स्वाध्याय

१. ‘मी पत्र लिहिले’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ या वाक्यांत क्रियापद का बदलले? इंग्रजीत ते बदलेल काय?

२. हेल्प, जंप, क्लीन, पेंट या क्रियापदांच्या भूतकाळी रूपांत शेवटी ट, ड, इड यांपैकी कोणता उच्चार होईल? कारण सांगा.

३. रूप भूतकाळाचे पण अर्थ वर्तमानकाळाचा, अशी मराठीतील तीन वाक्ये शोधा.

४. ‘मी काल शेतात गेलो नाही’ हे वाक्य तुमच्या घरच्या बोलीत कसे म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. नंतर तेच इंग्रजीत लिहा आणि तिन्ही वाक्यांत काळ कोणता शब्द दाखवतो ते सांगा.