इलेक्ट्रोपॉलिश : नुसती चकाकी पुरेशी नाही

भांडी, नळ, कुलुपे यांच्या पॉलिशवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना वाटते की माल चकाकला म्हणजे काम झाले. हाडे जोडण्याच्या स्टीलच्या पट्ट्या व स्क्रू यांचे काम घेणाऱ्याने हा समज सोडला पाहिजे. बफच्या चाकाने धातूचे बारीक उंचवटे बरेचसे दाबून आडवे होतात आणि त्यांच्याखाली पॉलिशचा मसाला व कण अडकतात. वरून आरसा दिसला तरी गंजाची सुरुवात तिथूनच होते. आणि हा माल तर रुग्णाच्या शरीरात राहणार असतो.

इलेक्ट्रोपॉलिशची रीत निकेल चढवण्याच्या उलट आहे. तिथे वस्तू रेक्टिफायरच्या ऋण टोकाला बांधतात, इथे धन टोकाला. टाकीत फॉस्फोरिक व सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रण असते. ते साधारण ५० ते ८० अंश सेल्सिअस गरम ठेवतात. प्रवाह सोडला की काही मिनिटांत उंचवटे आधी विरघळतात व पृष्ठभाग सपाट होतो. लोखंड जास्त निघून जाते, त्यामुळे वरच्या थरात क्रोमियमचे प्रमाण वाढते. गंज रोखतो तो हाच थर.

काम घेण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. खोल ओरखडे याने जात नाहीत. ते आधीच काढावेत.

२. मालाला तेलाचा अंश राहू देऊ नये. नाहीतर डाग पडतात.

३. माप घटते. प्रत्येक बाजूने २० मायक्रॉन गेले तर स्क्रूचा व्यास ४० मायक्रॉनने कमी होतो. कडा व आट्यांची टोके तर अधिक झिजतात. ही सूट आधीच ठेवावी.

४. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. ऋण टोकावर हायड्रोजन निघतो, म्हणून टाकीजवळ विडी-काडी नको, हवा खेळती हवी.

५. वापरलेल्या आम्लात निकेल व क्रोमियम उतरलेले असते. ते गटारात सोडणे हा गुन्हा आहे, शिवाय शेजाऱ्यांच्या पाण्याशी खेळ आहे.

स्टीलची जात, मापातील सूट व पृष्ठभागाचा खडबडीतपणा किती चालेल, हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्यावे. पहिले चार नग करून, मोजून, पसंत करून घ्यावेत. मगच भाव बोलावा. प्रत्येक लॉटची वेळ, तापमान व अँपिअर वहीत लिहावेत. माल परत आला तर आपली बाजू मांडायला ती वहीच उपयोगी पडेल.