ग्रामीण पाणीपुरवठा : बांधणीचा निधी आणि चालविण्याचा खर्च

ग्रामीण पाणीपुरवठ्यावरील प्रश्नाला विद्यार्थी बहुधा योजनांची नावे व साले देऊन उत्तर देतात. ती माहिती आवश्यक आहेच. परंतु तिच्यातून मूळ अर्थशास्त्रीय प्रश्न सुटतो. नळयोजनेला दोन प्रकारचा पैसा लागतो : एकदाच करावयाचा भांडवली खर्च आणि दर महिन्याला करावा लागणारा चालविण्याचा खर्च. पहिला मुख्यतः केंद्र व राज्य शासनांकडून येतो, तर दुसरा ग्रामपंचायतीच्या माथी येतो. पाणीपुरवठ्याच्या वित्तव्यवस्थेतील बहुतेक अडचणी या विभागणीतून निर्माण झालेल्या आहेत.

घटनात्मक चौकट

पाणी हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय (नोंद १७) आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'पेयजल' ही अकरावी बाब असून अनुच्छेद २४३-छ अन्वये राज्य विधिमंडळ ती पंचायतींकडे सोपवू शकते. मग केंद्राचा पैसा कोणत्या वाटेने येतो? एक वाट केंद्र पुरस्कृत योजनांची असून तिला अनुच्छेद २८२ चा आधार आहे. दुसरी वित्त आयोगाची. अनुच्छेद २८० (३) (खख) अन्वये पंचायतींच्या साधनसंपत्तीस पूरक उपायांची शिफारस आयोग करतो. पहिल्या वाटेवर अटी अधिक, दुसरीवर तुलनेने कमी, हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

वस्त्या पुन्हा यादीत का येतात?

१९७२-७३ मध्ये केंद्राने शंभर टक्के अनुदानावर वर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला. पाचव्या योजनेत किमान गरजा कार्यक्रम आल्यावर तो थांबविण्यात आला व १९७७-७८ मध्ये पुन्हा सुरू झाला. १९८६ मध्ये राष्ट्रीय पेयजल मिशन स्थापन झाले. या काळात हातपंप व नळयोजना मोठ्या संख्येने झाल्या. मात्र 'पूर्ण' म्हणून नोंदलेल्या वस्त्या काही वर्षांनी पुन्हा टंचाईग्रस्तांच्या यादीत दिसू लागल्या. कुठे उद्भव आटला, कुठे पाणी फ्लोराइडयुक्त निघाले, तर कुठे केवळ पंप दुरुस्त झाला नाही. निसर्गाला दोष देणे सोपे असते. पण बंद पडलेल्या योजनेच्या जागी नवी योजना अनुदानावर मिळत असेल, तर जुनी सांभाळण्याची प्रेरणा कोणाला राहणार?

या अनुभवातून १९९९ मध्ये निवडक जिल्ह्यांत क्षेत्र सुधारणा प्रकल्प व डिसेंबर २००२ मध्ये 'स्वजलधारा' आली. भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी आणि देखभाल-दुरुस्तीचा संपूर्ण खर्च ग्रामस्थांकडे, हे त्यांचे सूत्र होते. तत्त्व योग्य होते. परंतु वर्गणी ठेकेदारानेच भरून टाकली, तर मालकीची भावना कोठून येणार? पुढे २००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम आला. त्याच्या २०१२ ते २०१७ या काळाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी केली. ८१,१६८ कोटी रुपये खर्च होऊनही दरडोई दररोज ५५ लिटरच्या निकषावर व्याप्तीत केवळ साडेपाच टक्क्यांची वाढ झाल्याचे त्यांच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे.

जलजीवन मिशनचे सूत्र

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने हिशेबाचे एकक बदलले. वस्तीऐवजी घर मोजले जाऊ लागले. प्रारंभी ३.२३ कोटी ग्रामीण घरांना नळजोडणी होती. २०२५ च्या प्रारंभी ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. मूळ अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचा हिस्सा २.०८ लाख कोटींचा होता. खर्चाची विभागणी हिमालयीन व ईशान्येकडील राज्यांसाठी ९०:१०, इतर राज्यांसाठी ५०:५० अशी ठरली, तर केंद्रशासित प्रदेशांचा भार केंद्राने उचलला. गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी रोख, वस्तू वा श्रमदानाच्या रूपात द्यावयाची. डोंगराळ, वनव्याप्त तसेच अनुसूचित जाती-जमातींचे बाहुल्य असलेल्या गावांसाठी ती पाच टक्के.

याच मार्गदर्शक सूचनांतील एक तरतूद विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते. वीजदेयक, नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन व जमीनखरेदी यांसाठी केंद्राचा हिस्सा वापरता येत नाही. म्हणजे विभागणी जुनीच राहिली.

तिचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, गावात ३०० घरे व १,५०० लोकसंख्या आहे. दररोज ८२,५०० लिटर पाणी लागेल. ते एकूण ६० मीटर उंच उचलायचे असेल आणि पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर दिवसाला सुमारे २७ युनिट वीज लागते. आठ रुपये दराने महिन्याचे देयक सुमारे ६,६०० रुपये. पंपचालकाचे मानधन ६,००० आणि क्लोरीन, पाणीतपासणी व किरकोळ दुरुस्ती ३,४०० धरल्यास एकूण १६,००० रुपये होतात. प्रत्येक घरामागे पाणीपट्टी ५३ रुपये. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु साठ टक्के घरांनीच ती भरली, तर महिन्याला सुमारे ६,४०० रुपयांची तूट पडते, जवळजवळ वीजदेयकाएवढीच! थकबाकी साचते, वीजजोडणी तोडली जाते आणि कागदावर पूर्ण असलेली योजना कोरडी पडते. पंप काही वर्षांनी बदलावा लागेल, त्याची तरतूद या हिशेबात धरलेलीच नाही.

पट्टी न भरणाऱ्यांना बेजबाबदार ठरविण्याची घाई करू नये. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्तीत, पाणी करंगळीएवढ्या धारेने येते. तेथे सर्वांइतकीच पट्टी मागणे न्याय्य नाही आणि वसूलही होत नाही. ग्राम पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला व पंचवीस टक्के दुर्बल घटक असावेत, ही अट म्हणूनच वसुलीच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

गुजरातमध्ये २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'वास्मो' या संस्थेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. नर्मदेचे वा अन्य लांबचे पाणी गावाच्या वेशीपर्यंत आणण्याची जबाबदारी राज्याने घेतली. गावातील वितरण व पाणीपट्टी पाणी समितीकडे दिली. गावाला पेलेल तेवढाच भार गावावर पडला. मात्र घाऊक पाण्याची खरी किंमत राज्य सोसते, हे विसरून या प्रारूपाची नक्कल अन्यत्र करता येणार नाही.

अनुदानाची दुसरी वाट

चालविण्याच्या खर्चासाठी खरा आधार वित्त आयोगाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम, म्हणजे १,४२,०८४ कोटी रुपये, पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवली. ती देखभालीसही वापरता येते. मिशनचा निधी मात्र किती अनिश्चित असू शकतो, हे २०२४-२५ मध्ये दिसले. ७०,१६३ कोटींची मूळ तरतूद सुधारित अंदाजात २२,६९४ कोटींवर आली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली. भर आता कामांचा दर्जा आणि लोकसहभागातून देखभाल यांवर राहील, त्यासाठी राज्यांशी स्वतंत्र सामंजस्य करार होतील, असेही त्या वेळी सांगण्यात आले. त्या करारांत घाऊक पाण्याचा दर आणि पंपाचे वीजदेयक कोणाच्या नावावर लिहिले जाते, हे अभ्यासकांनी प्रथम पाहावे.