वाचनात मागे पडणारे मूल आणि निवासी शाळा

प्रत्येक वर्गात दोन-चार मुले अशी असतात, की तोंडी विचारले तर अचूक उत्तर देतात. पुस्तक पुढे ठेवले की मात्र गप्प होतात. फळ्यावरील दोन ओळी उतरवून घेण्यात त्यांचा तास संपतो. अशा मुलाला आपल्याकडे ‘ढ’ हे एकाक्षरी नाव फार लवकर मिळते आणि ते शाळा सुटेपर्यंत चिकटून राहते. वाचन, लेखन व वाचा यांतील दोषांविषयी आज जे शास्त्रीय ज्ञान उपलब्ध आहे, ते निवासी शाळेच्या दृष्टीने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शोधाचा आरंभ

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द स्टुटगार्ट येथील नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये योजला. तो प्रौढ रुग्णांच्या संदर्भात होता. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणित त्याला येत होते, दृष्टी चांगली होती. परंतु साधे शब्दही वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. म्हणजे बुद्धी आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच नोंदले गेले.

पुढे संशोधनाचा रोख डोळ्यांकडून कानाकडे, म्हणजे ध्वनींच्या जाणिवेकडे वळला. १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये ब्रॅडली व ब्रायंट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ध्वनी ओळखण्यात मागे असलेल्या लहान मुलांना त्यांनी दोन वर्षांत चाळीस पाठ दिले. समान ध्वनींचे शब्द एकत्र करणे हा त्या पाठांचा विषय होता. ज्या मुलांना ध्वनींबरोबर सुटी अक्षरेही हाताळायला दिली, त्यांचे वाचन व शुद्धलेखन सर्वांत अधिक सुधारले. आपल्याकडील यमकांची बडबडगीते व भेंड्या ही ध्वनिजाणिवेची उत्तम साधने आहेत, असे आम्ही म्हणतो ते याच आधारावर.

देवनागरीची आपली वाट

मराठी जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून मराठीत वाचनदोष नसावा, असा एक समज आहे. तो खरा नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. मराठीत चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेहून अधिक रूपे होतात, आणि जोडाक्षरे त्याहून निराळी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मात्र ती व्यंजनानंतर येते. ‘सूर्य’ या शब्दात र आधी ऐकू येतो, पण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘प्रकाश’मध्ये तोच र खाली जातो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ज वेगळा, लेखन एकच. भ-म, घ-ध, थ-य, प-ष या जोड्या डोळ्यांना फसवतात. ‘क, म, ळ’ असे सुटे वाचणाऱ्या मुलाला शेवटचा ‘अ’ गाळून ‘कमळ’ म्हणायचे असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखविले, की अशा लिपीतील अक्षरज्ञान पूर्ण होण्यास चौथी-पाचवी उजाडते. तेव्हा दुसरीतील मूल जोडाक्षरात अडखळले म्हणून त्याला दोषी ठरविता येत नाही.

दोष कोणता आणि दोष नव्हे ते कोणते

या ठिकाणी मोठ्या सावधगिरीची गरज आहे. वाचन न येण्याची कारणे किमान चार आहेत आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत.

पहिले कारण बोलीचे. आमच्याकडे येणारी मुले अनेक जिल्ह्यांतून येतात. खडकीसारख्या छावणीच्या वस्तीत तर मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूही कानांवर पडते. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ लिहिते, तेव्हा ते आपल्या बोलीशी प्रामाणिक असते. यास वाचादोष म्हणणे अशास्त्रीय आहे, आणि ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘अशुद्ध’ म्हणून हिणवले गेले, त्याच्या मुलांच्या बाबतीत ते अन्यायाचेही आहे. प्रमाण भाषा शिकवावी. ती घरच्या भाषेत भर म्हणून शिकवावी.

दुसरे कारण अध्यापनाचे. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात व उतरवण्यात जातो, अर्थ आणि स्वतःचे लेखन यांना फार थोडी जागा मिळते, असे त्यात आढळले. जे नीट शिकविलेच नाही, ते न येणे हा मुलाचा विकार नव्हे.

तिसरे कारण कानाचे. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला ऐकू कमी येते. त्याला प-ब, त-द यांतील भेद कळत नाही, आणि शिक्षकांना तो केवळ दुर्लक्ष करणारा वाटतो.

ही तीन कारणे तपासून, नीट शिकवूनही अडचण टिकून राहिली, तर चौथ्या कारणाचा, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. अशा मुलाचे वाचन अतिशय संथ व कष्टाचे असते, काना-मात्रा गळतात, शब्दाचा पहिला ध्वनी काढून उरलेला शब्द सांग म्हटले तर ते गोंधळते, तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत मोठी तफावत असते. केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून निष्कर्ष काढू नये, कारण बोलण्यात तो भेद पुष्कळदा राहत नाही आणि त्या चुका सर्वांच्याच होतात.

तोतरेपणाविषयी

वाचेच्या दोषांत तोतरेपणा निवासी शाळेत चटकन लक्षात येतो. बहुधा तो दोन ते पाच या वयात सुरू होतो आणि मुलग्यांत अधिक आढळतो. तोतरे बोलणारे मूल सकाळच्या सामुदायिक वंदनेत जराही अडखळत नाही, आणि वर्गात एकटे उभे केले की पहिल्याच शब्दावर थांबते. यावरून काहींना ते सोंग वाटते. प्रत्यक्षात अनेकांबरोबर एका सुरात बोलताना तोतरेपणा कमी होतो, हे वाचाशास्त्रातील सुप्रसिद्ध निरीक्षण आहे. अशा मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, ‘नीट बोल’ म्हणू नये. त्याच्याकडे पाहत शांतपणे थांबावे. त्याची नक्कल करणाऱ्यांना त्याच दिवशी रोखावे, कारण निवासी शाळेतील मुलाला संध्याकाळी पळून जायला घर नसते.

उपाय

डिस्लेक्सियावर औषध नाही. उपाय शिक्षणाचाच आहे. ध्वनी व अक्षर यांची जोड क्रमाने, थोडी थोडी, रोज शिकवावी. शिकविलेल्या अक्षरांचेच शब्द आधी वाचायला द्यावेत. वाळूत बोटाने गिरवणे, टाळी वाजवून शब्द फोडणे, तोच उतारा पुन्हा वाचणे हे खर्चाचे उपाय नाहीत. याबरोबर इतर विषयांचे ज्ञान थांबू नये, म्हणून धडा वाचून दाखवावा आणि तोंडी उत्तर स्वीकारावे.

पाली परंपरेतील चूळपन्थकाची कथा येथे आठवते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या थोरल्या भावाने, महापन्थकाने, त्याला विहारातून जाण्यास सांगितले. बुद्धांनी त्याला परत बोलावले आणि गाथेऐवजी एक स्वच्छ वस्त्र हाती दिले. ते हाताळता हाताळता मळत गेले आणि अनित्यतेचा अर्थ त्याला उमगला. त्याला कोणता विकार होता, हे आज ठरविण्याचे कारण नाही. गुरूंनी शिष्य बदलला नाही, पद्धत बदलली, हा बोध शिक्षकाला पुरेसा आहे.

हक्क आणि आपले काम

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय देशात प्रथम महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये घेतला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती त्यामुळे मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या दिव्यांगतांत विशिष्ट अध्ययन अक्षमता तसेच वाचा व भाषा दिव्यांगता यांचा समावेश केला, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरविले. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब व अध्ययनदोष यांची तपासणी अंतर्भूत आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध असून तिची प्राथमिक चाळणी पहिली ते पाचवीच्या शिक्षकांना वापरता येते. चाळणी म्हणजे निदान नव्हे. प्रमाणपत्र शासनमान्य रुग्णालयातच मिळते.

यावरून निवासी शाळेसाठी एक क्रम आम्ही सुचवितो. प्रवेशाच्या वेळीच कान व डोळे तपासावेत. प्रत्येक मुलाच्या नावे एक पान ठेवून कोणती अक्षरे शिकविली आणि कोणती आली, हे लिहावे. मागे पडणाऱ्यांना संध्याकाळच्या अभ्यासिकेत तीन महिने रोज वीस मिनिटे वेगळे शिकवावे. तरीही प्रगती नसेल तर ते पान घेऊनच तज्ज्ञाकडे जावे. ज्या घरात पुस्तक उघडणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे हे करणारे दुसरे कोणी नाही. गृहप्रमुख आणि वर्गशिक्षक हेच त्या मुलाचे पालक आहेत.

हे काम तिसरी-चौथीत झाले तर मुलाला वाचन शिकण्यास पुरेसा अवधी मिळतो. ते दहावीपर्यंत लांबले, तर प्रमाणपत्राची धावपळ आणि परीक्षा एकाच वेळी समोर येतात, आणि तोंडी सर्व काही जाणणारा विद्यार्थी कोऱ्या उत्तरपत्रिकेमुळे शिक्षणाबाहेर जातो. तो बाहेर जाऊ नये, यासाठी लागणारा वेळ निवासी शाळेच्या दिनक्रमात आहे. तो त्याच्यासाठी राखून ठेवणे आपल्या हाती आहे.