जिंकत्या संघाची धास्ती

प्रश्न : मी मुंबई सिटी या फुटबॉल संघाचा चाहता. संघ ओळीनं जिंकत असला की सामन्याआधी पोटात गोळा येतो. न धुतलेला तोच टी-शर्ट घालतो. हा आजार आहे का?
– एक वाचक, कंधार

उत्तर : नाही. विजय वाढत जातात तसं गमावण्यासारखंही वाढत जातं, आणि कमावल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याची सल मोठी, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन-ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. तुमची धास्ती अगदीच निराधार नव्हे म्हणा! २०२२-२३ मध्ये मुंबई सिटी सलग १८ सामने अपराजित राहिली, इंडियन सुपर लीगची शील्ड पटकावली आणि लगेच बंगळूरूकडून हरली. उपांत्य फेरीतही त्याच संघानं पेनल्टीवर घरी पाठवलं. पण निकाल टी-शर्टवर ठरत नाही, तेव्हा तो खुशाल धुवा. सामन्याआधीची धडधड अ‍ॅड्रेनलिनची असते, बहुधा ओसरते. छातीत दुखलं तर मात्र सामना सोडून दवाखाना गाठा.