आधी मोजमाप, मग बांधकाम

म्हैसूर, म्हणजे आजचे मैसूरू. या शहराजवळ कावेरी नदीवर कृष्णराजसागर धरण उभे आहे. १९११ साली त्याचे काम सुरू झाले. त्याचे शिल्पकार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात घेतले होते. धरणाच्या दगडी बांधकामात सिमेंटऐवजी चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, यांचा मसाला वापरला गेला. आज घराच्या अंगणात आपण सिमेंट वापरतो. साहित्य बदलले, तरी नियम तोच राहिला : आधी मोजावे, मग मागवावे.

समजा, म्हैसुरातील एका कुटुंबाला फाटकापासून घरापर्यंत मोटार येण्यासाठी काँक्रीटची वाट करावयाची आहे. लांबी ६ मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर. तिन्हींचा गुणाकार केला की घनफळ मिळते : ६ × ३ × ०.१ = १.८ घनमीटर.

परंतु एवढेच कोरडे साहित्य पुरत नाही. खडीतील पोकळ्यांत वाळू शिरते, वाळूतील पोकळ्यांत सिमेंट शिरते आणि मिश्रण आकसते. म्हणून घनफळाला १.५४ ने गुणतात : १.८ × १.५४ = २.७७ घनमीटर.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असे प्रमाण घेतल्यास एकूण साडेपाच भाग होतात. त्यानुसार सिमेंट सुमारे ०.५ घनमीटर, वाळू ०.७६ घनमीटर आणि खडी १.५ घनमीटर लागेल. एक घनमीटर सिमेंटचे वजन १४४० किलो धरतात. या हिशेबाने सुमारे ७२६ किलो, म्हणजे साडेचौदा पोती सिमेंट झाले. सांडलवंडीसाठी शेकडा ५ अधिक धरून १६ पोती मागवावीत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांबी मोजताना १२ सेंटिमीटरची चूक झाली, तरी १६ पोतीच पुरतात. जमीन नीट सपाट न केल्यामुळे जाडी मात्र १० ऐवजी १२ सेंटिमीटर झाली, तर १९ पोती लागतात. डोळ्यांना न दिसणारे दोन सेंटिमीटर तीन पोत्यांचा खर्च वाढवतात! म्हणून जाडी एकाच ठिकाणी न मोजता अनेक ठिकाणी मोजावी.

साहित्य कमी पडले, तर काम अर्ध्यावर थांबते. दुसऱ्या दिवशी घातलेले काँक्रीट आदल्या दिवशीच्या काँक्रीटशी एकजीव होत नाही व सांध्यात भेग पडते. साहित्य उरले, तर पावसाळी हवेत सिमेंटचे खडे होतात. कमी पडलेले सिमेंट पुरवण्यासाठी मिश्रणात जास्त पाणी घालणे ही तर सर्वांत महाग काटकसर होय. त्याने काँक्रीट कमजोर होते.

हा हिशेब करण्यासाठी पदवी लागत नाही. गुणाकार, भागाकार आणि एक मोजपट्टी एवढे पुरे. ज्याला तो येतो, तो मालक असो वा मजूर, त्याला दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबून राहावे लागत नाही.

स्वाध्याय

१. कोरड्या साहित्याचे घनफळ अधिक का धरतात?
२. 'सर्वांत महाग काटकसर' या शब्दांतील विरोध स्पष्ट करा.
३. ५ मीटर लांब, २ मीटर रुंद व १० सेंटिमीटर जाड वाटेसाठी किती पोती सिमेंट लागेल, ते काढा.